ब्रूनो चिकूचा सावत्र काका लागतो

पत्र

ताई, आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. खाली आम्ही आणि सासूबाई, वर मोठे भाऊजी-जाऊबाई. आमची चिकू म्हणजे पिवळी लॅब्राडॉर, एक वर्ष नऊ महिन्यांची, वजन ३७ किलो. भाऊजींचा ब्रूनो पण लॅबच, तीन वर्षांचा. दोघंही एकाच ब्रीडरकडून आणलेले, दोघांचे केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, कागद आहेत, फोटो सोबत पाठवते. मागच्या हिवाळ्यात ब्रूनोला डॉग शोमध्ये पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून भाऊजींनी मनावर घेतलंय की ब्रूनो-चिकूची जोडी लावायची, पिल्लं विकायची, पैसे अर्धे-अर्धे. सप्टेंबरच्या मध्यात चिकू दुसऱ्यांदा हीटवर (माजावर) आली तेव्हा मी कसंबसं टाळलं. आता पुढच्या वेळी नक्की, असं त्यांनी जाहीर करून टाकलं आणि ऑफिसातल्या तिघांना पिल्लांचा शब्द पण देऊन बसले. सासूबाई म्हणतात, “एक बाळंतपण झालं की कुत्री शांत होते बाप्पा, नाही तर पुढे गर्भाशयाचं दुखणं लागते.” आमचे हे म्हणतात, तू आणि दादा काय ते पाहून घ्या. मला चिकूची काळजी वाटते, पण घरात वाईटपणाही नको आहे. एकदा तरी पिल्लं होऊ देणं खरंच गरजेचं असतं का? आणि चिकूलाही शोमध्ये न्यावं असं मला मनातून वाटतं, ते जमेल का?
— स. वा., नागपूर

उत्तर

स. वा.,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. मादीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत असं कुठलंही वैद्यकीय कारण नाही. त्याने ती शांत होत नाही, जास्त निरोगी होत नाही, आणि आई व्हायचं राहून गेलं म्हणून झुरतही नाही. सासूबाईंच्या बोलण्यातला गर्भाशयाचा भाग मात्र अगदीच हवेतला नाही. नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या मादीला हीट संपल्यावर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. आम्ही त्याला पायोमेट्रा म्हणतो. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चार माद्यांतल्या एकीला तो झालेला दिसला. मादी पाणी खूप पिते, जेवण सोडते, कधी मागून घाण जाते, तर कधी काहीच बाहेर पडत नाही आणि पोट फुगत जातं. हा दुसरा प्रकार फार वाईट, एका रात्रीत जिवावर बेततो. पण त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय काढून टाकणं. दोन-दोनदा व्यालेल्या माद्याही पायोमेट्रा घेऊन टेबलावर येतातच. तेव्हा सासूबाईंना सांगा की आई, तुमचं निदान बरोबर आहे, औषध तेवढं बदलू या. निम्मं तरी बरोबर म्हटलं की पुढचं ऐकून घेतलं जातं.

आता ते कागद. फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण बहुतेक घरांत केसीआयचा कागद फाइलला लावलेला असतो, वाचलेला नसतो. वंशावळीचा तक्ता डावीकडून उजवीकडे वाचायचा: आधी आई-बाप, मग आजी-आजोबा, मग पणजी-पणजोबा. ब्रूनोच्या तक्त्यात ‘सायर’ म्हणजे बापाच्या रकान्यात जे नाव आहे, ते मी चिकूच्या तक्त्यात शोधत गेले. फार लांब जावं लागलं नाही. तिच्या बापाच्या बाजूला, आजोबांच्या जागी तेच नाव आहे. एकाच केनेलची, म्हणजे एकाच ब्रीडरकडची, नावं सारखी असतात म्हणून नोंदणी क्रमांकही ताडून पाहिला, तोही तोच. म्हणजे ब्रूनोचा बाप तोच चिकूच्या बापाचाही बाप. आया वेगळ्या आहेत. नात्याने ब्रूनो चिकूचा सावत्र काका लागतो.

यात लगेच कानाला हात लावण्यासारखं काही नाही. एखाद्या चांगल्या नराचं डोकं, खांद्याची ठेवण, स्वभाव पुढच्या पिढ्यांत पक्का करायचा म्हणून मोठमोठ्या केनेलमध्ये नात्यातल्या जोड्या मुद्दाम लावतात, त्याला लाइन ब्रीडिंग म्हणतात. काका-पुतणीच्या या सावत्र जोडीचं गणित असं, की पिल्लाच्या कुठल्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती त्या एकाच कुत्र्याकडून आलेल्या असण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे ६.२५ टक्के. माणसांत सख्ख्या आते-मामे भावंडांनी लग्न केलं तर त्यांच्या मुलांच्या बाबतीत हाच आकडा येतो, आणि मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे कित्येक घरांत होती. प्रश्न नात्याचा नाही. जो ब्रीडर असं करतो त्याने त्या आजोबाच्या पोटात काय दडलंय ते आधी तपासलेलं असतं, निदान असायला हवं. तुमच्याकडे ते कोणी तपासलंय?

लॅब्राडॉरमध्ये पीआरए नावाचा डोळ्यांचा आनुवंशिक आजार असतो. पडदा हळूहळू झिजत जातो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचंही. दोष असलेल्या जनुकाची एकच प्रत असेल तर कुत्र्याला आयुष्यभर काही होत नाही, डोळे तेजस्वी, बक्षिसंही मिळतात. अशा दोघांची जोडी लागली की सरासरीने चारातलं एक पिल्लू पुढे आंधळं होणार. आणि हे लॅबमध्ये साधारण चार-सहा वर्षांचं झाल्यावर लक्षात येतं. तोवर पिल्लू कोणाच्या तरी घरचं लेकरू झालेलं असतं आणि त्याच्या बापाच्या आणखी चार जोड्या लावून झालेल्या असतात. ईआयसी म्हणून दुसरा आजार आहे. चेंडूमागे पाच-दहा मिनिटं जोरात पळालं की मागचे पाय लटपटतात आणि कुत्रा बसतो. तोही असाच दोन्हीकडून एकेक प्रत आल्यावर उद्भवतो. दोन्हींची डीएनए चाचणी होते. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, एवढाच कुत्र्याला त्रास. खुब्याचं, म्हणजे हिप डिस्प्लेसियाचं, प्रकरण एवढं सरळ नाही. त्यात अनेक जनुकं, वाढीच्या वयातलं वजन, गुळगुळीत टाइल्सवर घसरणं असं सगळं मिसळलेलं असतं. म्हणून दोन्ही कुत्र्यांचा दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, गुंगी देऊन, पाय सरळ ताणून काढलेला एक्स-रे लागतो. चिकूला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. ब्रूनोचा आजही निघू शकतो, पण कोणी काढलेला नाही. केसीआयच्या कागदावर वंश कळतो. खुबा, डोळे, रक्त यांबद्दल त्यावर एक अक्षर नसतं.

ब्रूनोच्या बक्षिसाचं कौतुक आहेच, आडून बोलत नाही. पण भाऊजींना सहज विचारा की शो केसीआयशी संलग्न क्लबचा होता की एखाद्या ले-आउटमध्ये हौसेने भरवलेला, आणि ब्रूनोच्या क्लासमध्ये, म्हणजे गटात, कुत्रे होते किती. एकटाच असला तरी बहुधा पहिला नंबर त्याचाच. रिंगमध्ये परीक्षक काय करतात ते एकदा जवळून पाहा. ओठ वर करून दातांची कात्री बघतात: वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या अगदी लागून पुढे यायला हवेत. मग कवटीवरून मानेवर, खांद्यांच्या हाडांवर, बरगड्यांवर हात फिरतो. शेपटीचं मूळ धरून पाहतात, कारण लॅबची शेपटी बुडाशी जाड आणि आखूड दाट केसांची, पाणमांजराच्या शेपटीच्या घाटाची हवी. नर असेल तर दोन्ही वृषण खाली उतरलेत का ते चाचपतात. उंची नरासाठी ५६-५७ सेंटिमीटर, मादीसाठी ५४ ते ५६ ही आदर्श. मग त्रिकोणात पळवून चाल बघायची, की पुढच्याला बोलवायचं. एका कुत्र्यामागे फार तर दोन-तीन मिनिटं. अनुभवी परीक्षक तेवढ्यात पुष्कळ काही ओळखतात, पण मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत किती खोल बसलाय हे हातांना लागत नाही आणि जनुक तर कोणालाच दिसत नाही. बक्षिसाने ब्रूनो देखणा आहे एवढंच सिद्ध झालं, ते तुम्हाला जिन्यात रोज दिसतंच आहे.

आता कॅलेंडर काढा, कारण माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिथे आहे. चिकू सप्टेंबरच्या मध्यात हीटवर आली होती. सहा-सात महिन्यांचं अंतर धरलं तर पुढची पाळी मार्चच्या मध्यापासून पुढे कधीही. मेटिंग साधारण त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी, म्हणजे मार्चअखेर. त्यात ६३ दिवस मिळवा. पिल्लं येतील २९ मेच्या आसपास. नवतप्यात, ताई! नागपुरात. ज्या दिवसांत आपण धुणं वाळत घालायलाही सकाळी आठच्या आत गच्चीवर जातो, त्या दिवसांत आठ ओलीचिंब पिल्लं.

नव्या जन्मलेल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती २९ ते ३२ अंशांची ऊब लागते. बाहेर पारा ४५च्या पुढे, आत धापा टाकणारी आई. ती धापा टाकते म्हणून कूलर तिच्याकडे वळवायचा, तर वाळ्याच्या टट्टीतून येणारा ओला झोत पिल्लांना गारठवतो. कूलर बंद ठेवला तर आई पिल्लांपाशी टिकत नाही, उठून बाथरूमच्या फरशीवर जाऊन पडते आणि दूध आटतं. एसीच्या खोलीत एक कोपरा उबदार ठेवून निभावता येतं, पण लाइट गेली की घरच्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, आणि वादळ सुटलं की लाइट जातेच. यातूनही पिल्लं वाचली तर ती आठ आठवड्यांची होतात जुलैच्या शेवटी, ऐन पावसात, गोचिडांच्या दिवसांत. लसी पूर्ण झालेल्या नाहीत, अंगणात सोडता येत नाहीत, आणि घरात आठ जण दिवसातून किती वेळा काय-काय करतात ते मी लिहीत बसत नाही.

पिल्लांच्या रात्रीबद्दल मात्र लिहायला हवं, कारण ती रात्र तुमच्या मजल्यावर येणार आहे. तारीख जवळ आली की दिवसातून दोन-तीनदा गुदद्वारातून ताप मोजायचा. तो ३७.२ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू. ती जमीन उकरते, कपडे ओढते, थरथरते, उलटीही करते. पहिलं पिल्लू पातळ पिशवीत येतं. आई पिशवी फाडून चाटायला लागली तर तुम्ही फक्त बघायचं. पहिलटकरीण कधी नुसती वळून बघत बसते, तेव्हा पिशवी तुम्हालाच फाडावी लागते, नाक-तोंड पुसून, स्वच्छ टॉवेलने खसाखसा चोळून पिल्लू रडेपर्यंत थांबायचं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधायची आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. मग रोज त्याच वेळेला वजन. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं, आणि ज्याचं वाढत नाही त्याला आधी आईच्या मागच्या, भरलेल्या सडांना लावायचं. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट-काळा स्राव आला, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी गाडी काढायची, कदाचित सिझेरियनसाठी. आणि सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा, बाळंतिणीला म्हणून चिकूला डिंकाचा लाडू द्यायचा नाही. त्यातले बेदाणे-मनुका कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात. गाभण असताना कॅल्शियमच्या गोळ्याही आपल्या मनाने चालू करायच्या नसतात. शरीर आळशी होतं आणि पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली, दूध जोरात आलं, की नेमकं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कोसळून मादीला झटके येतात.

भाऊजींच्या हिशेबात अर्धे पैसे आहेत, अर्ध्या रात्री नाहीत. ब्रूनोचं काम अर्ध्या तासात संपतं आणि तो वर जाऊन झोपतो.

पैशांचंही जाता जाता सांगते. विकण्यासाठी पिल्लं काढायची तर २०१७च्या केंद्राच्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी लागते. घरच्या घरी, एकदाच, ओळखीत, अशी सूट गृहीत धरू नका. त्याच नियमांत मादी किमान अठरा महिन्यांची हवी, वर्षात एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं नकोत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेत नकोत, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू चावण्याचा जोर किती ठेवायचा हे शिकतच नाही, ते पुढे घेणाऱ्याच्या मुलांना कळतं. मग चिकूचे आणि ब्रूनोचे एक्स-रे, डीएनए चाचण्या, दोघांची ब्रुसेलाची रक्ततपासणी (त्याने गर्भपात होतात आणि तो माणसालाही लागू शकतो), मेटिंगचा दिवस ठरवायला प्रोजेस्टेरॉन, सोनोग्राफी, आठ जणांचं जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, पहिल्या लसी, मायक्रोचिप, चौथ्या आठवड्यापासून आठ जणांचं पपी फूड. भाऊजींना हे सगळं एका कागदावर मांडून आजच्या भावाने बेरीज करू द्या. आणि तिघांना शब्द दिलाय, पण लॅबला सात-आठ पिल्लं सहज होतात. उरलेल्या चार-पाचांचं काय? कुठल्याशा नातेवाइकाच्या प्लॉटवर राखणीला साखळीने बांधलेले लॅब्राडॉर मी हुडकेश्वरपासून हिंगण्यापर्यंत पाहते. राखणीचा तर त्यांना गंधही नसतो, चोराला आधी चाटतील. ते सगळे कोणाच्या तरी घरच्या ‘एकदाच’ काढलेल्या पिल्लांपैकीच असतात.

आता भाऊजींशी कसं बोलायचं. नाही म्हणू नका. धाकट्या जावेने नाही म्हटलं की विषय कुत्र्यांचा राहत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. अटी पुढे करा, आणि त्या माझ्या नावावर खपवा. म्हणा, “भाऊजी, डॉक्टरताई म्हणतात ब्रूनोचा बाप तोच चिकूचा आजोबा निघतोय, म्हणून आधी ब्रूनोचे खुबे आणि डीएनए तपासून घ्या. रिपोर्ट चांगले आले तर चिकूचेही करू. पण उन्हाळ्यात पिल्लं नकोत, काढायचीच तर पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हीटला, म्हणजे पिल्लं हिवाळ्यात येतील. आणि मेटिंगच्या आधी आठ घरं नक्की करून ठेवू.” पहिली अट ब्रूनोची ठेवा, चिकूची नाही. एक्स-रेचा खर्च, गुंगीची जोखीम, रिपोर्टची वाट पाहणं, हे स्वतःच्या कुत्र्याच्या बाबतीत करायची वेळ आली की हौस किती खरी आहे ते आपोआप दिसतं. भाऊजींनी हे सगळं मनापासून केलं, मंडळाकडे नोंदणी केली, नावानिशी घरं आणली, तर मी माझं मत बदलायला तयार आहे, पण त्यासाठी नात्यातली नसलेली दुसरी मादी शोधायला सांगेन. या जोडीला माझा नकार आहे.

सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८पासून आहे. तिथल्या दवाखान्यात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एक्स-रेची चौकशी करा. आणि यजमानांनाही सोबत न्या. “तू आणि दादा पाहून घ्या” हे उत्तर पुरेसं नाही, दादा त्यांचे आहेत.

पण या चर्चेला फार वेळ नाही, कारण तुम्ही ठरवण्याआधी ब्रूनोच ठरवून टाकेल. एकाच घरात वर-खाली राहणारे नर आणि मादी, मध्ये एक जिना आणि कायम उघडं राहणारं जाळीचं दार. मार्चमध्ये रक्ताचा पहिला थेंब दिसल्यापासून पूर्ण तीन आठवडे दोघं एकमेकांच्या नजरेसही पडता कामा नयेत. लोक फसतात ते दुसऱ्या आठवड्यात. स्राव फिकट होतो, आपण म्हणतो संपलं एकदाचं, आणि नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे असतात. पँट घालून किंवा स्प्रे मारून काही थांबत नाही. ब्रूनोला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवता आलं तर उत्तम. चिकूला बाहेर न्यायचं ते छोट्या पट्ट्यावर, तुमच्या स्वतःच्या हाताने, कारण गल्लीतली मंडळी गेटपाशी रात्रभर बसलेली असतात. त्यांच्याकडून नुसती पिल्लंच येतात असं नाही, मेटिंगमधून पसरणारी गाठही येते, टीव्हीटी म्हणतात तिला, आणि ती आपल्याकडे नेहमीची आहे. चुकून जोडी लागलीच तर ओढून सोडवू नका, पाणीही ओतू नका. दोघं अडकलेली असतात, दहा-तीस मिनिटांत आपोआप सुटतात, आणि जबरदस्तीने दोघांनाही इजा होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा, पण कोणी जुन्या पद्धतीचं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन सुचवलं तर नको म्हणा. त्याने पायोमेट्राचा आणि रक्त बनणं थांबण्याचा धोका वाढतो.

ऑपरेशनसाठी दोन हीटच्या मधला शांत काळ चांगला, म्हणजे हीटनंतर दोन-तीन महिन्यांनी. आज डिसेंबरचा दुसरा आठवडा आहे. तुमचा तो काळ नेमका आता सुरू होतोय आणि जानेवारीत संपतोय. मार्चचे तीन आठवडे त्या जिन्यावर पहारा द्यायची तुमची तयारी नसेल, तर जानेवारीच्या मध्याच्या आत उरकून घ्या. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

फक्त त्याआधी वजन. ३७ किलो ही मादी लॅबसाठी चैन आहे. ती २५ ते ३२च्या मध्ये कुठेतरी असायला हवी. बरगड्यांवरून हात फिरवा. जोर न देता मोजता आल्या पाहिजेत, तुम्हाला बहुधा शोधाव्या लागतील. दोष सगळा तुमचा नाही. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्राडॉरमध्ये भूक भागल्याचा निरोप मेंदूला नीट न पोचवणारा जनुकातला एक बदल सापडला, आणि साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो. पोळीचा तुकडा मागणारे ते डोळे खोटं बोलत नसतात, भूक खरीच असते. तरीही द्यायचं नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर, एकाच वेतातल्या जोड्या लावून, चौदा वर्षं प्रयोग झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे खुबेही उशिरा दुखायला लागले. चिकूचं खाणं आजपासून वाटीने नव्हे, ग्रॅमवर मोजा. पोळी, तूप, तर्रीत भिजवलेला पाव आणि वरून जाऊबाईंकडून येणारं ते ‘थोडंसं’ बंद. चार-पाच आठवड्यांत दोन किलो उतरले तरी डॉक्टरांना टाके घालणं सोपं जाईल, चरबीत रक्तवाहिन्या बांधणं हे काम कोणालाच आवडत नाही.

शोबद्दल तुम्ही मनातून विचारलंय, म्हणून मनातलंच सांगते. रूपाचे शो मुळात पैदाशीची जनावरं पारखण्यासाठी सुरू झाले, त्यामुळे ऑपरेशन झालेल्या मादीला प्रवेश आहे का हे फॉर्म भरण्याआधी क्लबला विचारून घ्या. रिंगची हौस इतकी मोठी असेल की त्यासाठी आणखी वर्षभर, दोन हीट, ब्रूनोला वर थोपवून धरायची तयारी आहे, तर तसं करा. तेवढी नसेल तर ओबीडियन्सच्या स्पर्धांकडे वळा. तिथे रूप बघत नाहीत, बस म्हटलं की बसते का, सोबत चालते का, लांबून बोलावलं की सरळ येते का ते बघतात. खादाड लॅबसाठी तर ते हक्काचं मैदान आहे, रोजच्या जेवणातलेच पंधरा दाणे खिशात ठेवले की काम होतं. या हिवाळ्यात एखाद्या शोला चिकूला न नेता नुसत्या जा. लॅब्राडॉरच्या रिंगच्या कडेला उभ्या राहा. भाऊजींनाही न्या. त्यांना खऱ्या ब्रीडर लोकांशी बोलू द्या, माझ्यापेक्षा त्यांचं ते जास्त ऐकतील.

आणि एक राहिलंच. चिकूच्या कागदावर मालक म्हणून अजून त्या ब्रीडरचंच नाव आहे, ट्रान्सफर झालेलंच नाही. शो असो, ओबीडियन्स असो की भाऊजींची पिल्लं, त्याशिवाय काहीच पुढे सरकणार नाही. याच आठवड्यात त्याची सही घेऊन टाका, ही मंडळी फोन नंबर फार भराभर बदलतात.